ढवळे बाईंची बारा पेरं

ढवळे बाईंचा मला हेवा वाटायचा, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला गुणग्राहक वगैरे म्हणायचं. गुणग्राहकता ही निरोपसमारंभात शाल-श्रीफळाबरोबर द्यायची गोष्ट. मी सांगतोय ती वेगळी आहे. शेजारच्या वर्गातून हशा ऐकू आला की ज्याच्या हातातला खडू मोडतो, त्या माणसाची ती आहे.

आकुर्डीच्या आमच्या शाळेत आम्ही दोघंही गणिताचे. दहावी 'अ' माझ्याकडे, दहावी 'ड' त्यांच्याकडे. 'अ' म्हणजे हुशार आणि 'ड' म्हणजे उरलेली, हे शाळेत कुणी बोलत नसे, पण शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. माझा वर्ग पाहिला की कुणालाही वाटावं, गणित असंच शिकवावं. फळ्यावर मी कंपासशिवाय वर्तुळ काढायचो, एका झटक्यात, आणि सुरुवात जिथे केली तिथेच खडू परत आणून टेकवायचो. नवे शिक्षक ते बघायला दारात उभे राहत. बाई मात्र एकदाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "झ्याक काढलंत, सर." आणि निघून गेल्या. 'झ्याक' हा शब्द मला बरेच दिवस टोचत होता.

त्यांच्या बोलण्याचं माझं दुखणं जुनं. मी मूळचा अंबाजोगाईकडचा. नोकरी लागून इकडे आलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मी 'का?' म्हणायच्या ऐवजी सहज "कामून?" असं विचारलं आणि चार जण हसले. त्या दिवसापासून मी सांगवीच्या खोलीत रोज सकाळी वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्यानं वाचायला लागलो. दोन वर्षांत जीभ अशी घासून काढली की आईला फोनवर माझा आवाज ओळखू येईना. आणि या ढवळे बाई! पुनावळ्याच्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच. भर वर्गात "व्हय", "न्हाई", "आमी". मी एकदा सौजन्यानं म्हटलं, "बाई, निदान मुलांसमोर तरी प्रमाण भाषा वापरावी."

"सर, तिरकोनाला कुठं कळतंय मी कुठली हाय ते?" एवढं बोलून त्यांनी बाजरीची भाकरी मोडली आणि ठेच्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी घेतला नाही. ठेचा वासावरून तरी चांगला असावा.

बाई बुटक्या, रुंद हाडाच्या. स्कूटीवरून यायच्या. हेल्मेट वर्गातल्या खिडकीच्या कडीला अडकवायच्या. खुर्चीवर बसताना मी त्यांना पाहिलं नाही. खडू चष्म्याच्या डबीत ठेवायच्या आणि चष्मा जिथे ठेवतील तिथे विसरायच्या, त्यामुळे ड तुकडीतली दोन-तीन मुलं कायम बाईंचा चष्मा शोधत असत. पण बाईंची खरी खूण म्हणजे त्यांचं थांबणं. प्रश्न विचारला की त्या खडू डबीत टाकायच्या, डबी मिटायच्या आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवायच्या. मग एकेक पेर वर. चार बोटांची बारा पेरं. तोवर वर्गात कुणी बोलायचं नाही आणि त्याही बोलायच्या नाहीत. कुणी घाईनं ओरडलाच तर म्हणायच्या, "भोंगा झालाय का कंपनीचा? मग बस की."

बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, बाई विसरल्या. मला तर पहिलं वर्षभर तसंच वाटत होतं, आणि ते वाटणं मला आवडतही होतं.

पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं. त्यांच्या वडलांची, म्हणजे दादांची, पुनावळ्याला ऊसशेती होती आणि लहानपणी पाण्याची दारं धरायला ह्या जायच्या. "पाटाला पानी सोडलं म्हंजी रान भिजलं न्हाई, सर. पानी चालत जातं. दादा म्हनायचे, शेवटच्या वाफ्याला पोचूस्तोवर दुसरं दारं फोडायचं न्हाई. तवा मी बांधावर बसून पेरं मोजायची." आता त्या रानावर बावीस मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर बाईंचा फ्लॅट. "आमच्या वाफ्यावरच निजते मी," असं त्या सांगायच्या आणि खांदे हलवत हसायच्या.

एकदा वरिष्ठ कार्यालयातून तपासणीला एक साहेब आले. माझा वर्ग त्यांनी पाच मिनिटांत 'उत्तम' लिहून संपवला. ड तुकडीत शिरले तेव्हा बाईंनी नुकताच प्रश्न टाकला होता आणि अंगठा दुसऱ्या बोटावर होता. साहेब उभे. वर्ग गप्प. बाई गप्प. साहेबांना ती शांतता सोसेना. बाई अडल्या असं समजून त्यांनी दयाळूपणानं उत्तर सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "साहेब, तुमाला न्हाई इचारलं."

मी दाराबाहेर होतो. खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, आता बसली बदली. पण साहेब मागच्या बाकावर जाऊन बसले आणि तास संपेपर्यंत उठले नाहीत. जाताना मला विचारतात, "या बाई नेहमी अशाच थांबतात का हो?" मी म्हटलं, "दुर्दैवानं." साहेबांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं ते कळायला पुढे दोन वर्षं गेली.

टाळेबंदीत सगळ्यांचीच शाळा मोबाईलमध्ये शिरली आणि ती उघडल्यावरही सरकारच्या डोक्यातून ते गेलं नाही. राज्याची एक आभासी माध्यमिक शाळा काढायची ठरली. ज्यांची शाळा सुटली, कंपनीत लागले, लग्न होऊन गेल्या, अशा सगळ्यांना घरबसल्या दहावी. प्रत्येक विषयाला अख्ख्या राज्यात एकच शिक्षक. तो जे शिकवील ते गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत पडद्यावर दिसणार. परिपत्रक हातात आलं आणि मला वाटलं, तीस वर्षं ज्यासाठी अग्रलेख वाचले ते हेच. मी अर्ज केला. बाईंनी केला नव्हता. त्यांना त्या साहेबांनी बोलावून घेतलं.

नमुना पाठ पुण्यात होता. मी नवा कोट शिवला. आरशापुढे पाठ इतक्यांदा म्हटला की बायको स्वयंपाकघरातून प्रमेयाची शेवटची ओळ पूर्ण करायला लागली. तिथे गेल्यावर कळलं, फळा नाही. एक काचेची पाटी आणि तिच्यावर लिहायची प्लॅस्टिकची काडी. मी वर्तुळ काढलं. समोरच्या मोठ्या पडद्यावर बटाटा उमटला. पुन्हा काढलं. दुसरा बटाटा. मागे कुणीतरी खोकलं. पुढचा पाठ मी बिनचूक म्हटला, एका श्वासात म्हटला असं म्हणालात तरी चालेल, पण माझं लक्ष त्या दोन बटाट्यांतच अडकलं होतं.

माझ्यानंतर बाई. रोजची साडी, हातात रुमाल. काचेच्या पाटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "एक गुंठा म्हंजी तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. आता ही बाजू दुप्पट केली. लांबीबी, रुंदीबी. तर किती गुंठं झालं?" आणि अंगठा करंगळीवर.

मी काचेपलीकडच्या खोलीत, निवड करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मागे बसून बघत होतो. मधले अधिकारी हळूच म्हणाले, "दोन." शेजारच्या अधिकारी बाईंनी मान डोलावली. शांतता. कॅमेरा चालू, दिवे चालू, सगळे त्या अंगठ्याकडे बघताहेत. आठव्या-नवव्या पेराशी कॅमेरामागचा माणूस एकदम म्हणाला, "चार! आयला, चार की राव!"

"आलं," बाई म्हणाल्या आणि खांदे हलवत हसल्या. बरोबर उत्तराला त्यांच्याकडे 'शाबास' नव्हतं, 'आलं' होतं. मग त्यांनी रुमालाची चौपदरी घडी दाखवली. हा एक गुंठा. घडी दोनदा उलगडली. बाजू दुप्पट, खण चार. 'दोन' म्हणणारे साहेब स्वतःवरच हसत होते.

निवड त्यांची झाली. मला सांत्वन म्हणून परीक्षण समितीवर घेतलं. तयार पाठ बघायचे, अभिप्राय लिहायचा, अभिप्राय देणाऱ्याचं नाव गुप्त. शाळेत पेढे वाटले गेले. बाईंनी मला दोन दिले. ते मी खिशात ठेवले, घरी नेले आणि बायकोला सांगितलं की कुणाची तरी सून बाळंत झाली.

आता पुढचं. बाईंचे पाठ एकेक करून माझ्याकडे यायला लागले. मी ते घरी लॅपटॉपवर बघायचो, दार लावून. चांगले होते. चांगले होते म्हणूनच मला बघवत नव्हते. 'व्हय' आणि 'न्हाई' राज्यभर जाणार होते आणि माझं घासूनपुसून ठेवलेलं मराठी कपाटातल्या कोटाबरोबर राहणार होतं. चूक शोधायची म्हटली तर गणितात सापडेना. भाषेबद्दल लिहावं तर साहेबांनाच ती आवडलेली. मग मला ती बारा पेरं सापडली. प्रत्येक प्रश्नानंतर बाई पडद्यावर नुसत्या उभ्या. आवाज नाही, हालचाल नाही. मी लिहिलं: 'पाठांत वारंवार येणारी निष्प्रयोजन स्तब्धता विद्यार्थ्यांच्या एकाग्रतेस बाधक असून ती वगळावी.' लिहून झाल्यावर ते वाक्य मी पुन्हा मोठ्यानं वाचलं. फार बरं वाटलं.

त्या थांबण्याचा उपयोग काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायची सोय आहे. पण मी त्या काचेमागे बसून 'दोन'चे 'चार' होताना पाहिले होते.

समितीला अभिप्राय पटला. पाठ कापले गेले, सुटसुटीत झाले, सगळीकडून वाखाणले गेले. पडद्यावर बाई विचारायच्या, "तर किती गुंठं झालं?" आणि श्वास घ्यायच्या आत स्वतःच म्हणायच्या, "चार." मधल्या सुट्टीत कुणीतरी त्यांना फोनवर तो पाठ दाखवला. बाईंनी तो दोनदा बघितला. फोन परत दिला. "कुनाच्या तरी डोक्यातनं आलं आसंल," एवढंच म्हणाल्या आणि डबा उघडला. त्या दिवशी त्यांनी ठेचा माझ्यापुढे सरकवला नाही. मी मनाशी म्हटलं, विसरल्या असतील.

त्या वर्षअखेर त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्याबद्दल फार छान बोललो.

यानंतर बाई मला एकदाच दिसल्या, गेल्या हिवाळ्यात, चाकणला. आभासी शाळेची संपर्क केंद्रं असतात. रविवारी विद्यार्थी एकत्र बसून पाठ बघतात. पाठांची दुसरी आवृत्ती काढायची होती, म्हणून केंद्रं बघून पुन्हा अभिप्राय द्यायचं काम माझ्याकडे आलं. चाकणचं केंद्र एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत होतं. गाद्यांचे ढीग, रचलेल्या खुर्च्या, एक मोठा टीव्ही. समोर पंधरा-वीस बाया. काहींच्या अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच, कारण रात्रपाळी सुटली ती थेट इथे. आणि टीव्हीशेजारी, हातात रिमोट घेऊन, ढवळे बाई.

केंद्रावर शिक्षक नसतो. टीव्ही लावायला आणि हजेरी घ्यायला एक मदतनीस असते. ती जागा बाईंनी मागून घेतली होती. पडद्यावर पावडर लावलेल्या ढवळे बाई विचारत होत्या, "तर किती गुंठं झालं?" आणि खालच्या ढवळे बाईंनी खटकन रिमोट दाबला. पडद्यावरच्या बाईंचं तोंड उघडं राहिलं. खाली अंगठा करंगळीवर. ज्या जागा मी कापल्या होत्या, त्या एकेक करून त्या हातानं परत घालत होत्या.

पाठ संपल्यावर नियमाप्रमाणे मी एका विद्यार्थिनीशी बोललो. रेखा नाव. गाड्यांच्या वायरी जुळवणाऱ्या कंपनीत कंत्राटावर. दहावी झाली तर कायम करणार, नाही तर ब्रेक, म्हणजे काम बंद. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. मी विचारलं, पाठ कसे वाटतात?

"हितं समजतंय की वो सर," ती म्हणाली. "पयले मोबाईलवर बघायचे, कंपनीच्या बसमदी. बाई इचारायच्या अन् म्या पेन उघडस्तोवर बाईच सांगायच्या. मला वाटायचं, समद्या म्हाराष्ट्राला येतंय, माझंच डोकं बंद. मागच्या बारीला गणितच राहिलं माझं. मी म्हणलं, जाऊ द्या, आपण ढच हाव. कामून उगं बसायचं?"

कामून. किती वर्षांनी तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकत होतो. ती केजची निघाली, माझ्या गावापासून तासाभरावरची. मी तिला ते सांगितलं नाही.

बाया चहा घ्यायला बाहेर गेल्या. खोलीत आम्ही दोघंच. बाईंनी चष्म्याची डबी काढली. आत खडू नव्हता, घडी केलेला एक कागद होता. अभिप्रायाची प्रत त्यांनाही मिळाली होती, अर्थात नावाशिवाय. त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि अडखळत वाचला.

"निष्प्रयोजन स्तब्धता." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक इचारू, सर? आसं शुद्ध आपल्या शाळंत कोन लिवायचं?"

डबी मिटली. अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकला.

पहिल्या पेराला मला वाटलं, समितीत पाच जण होते म्हणून सांगावं. तिसऱ्याला वाटलं, धोरणच तसं होतं म्हणावं. अंगठा अनामिकेवर गेला. बाहेर रस्त्यावरून नव्या गाड्या लादलेला ट्रेलर चालला होता, तो संपता संपेना. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ड तुकडीसमोर असायचा तोच चेहरा होता, आणि उत्तर येणारच अशा खात्रीनं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नव्हतं. मधलं बोट. तर्जनी. रेखाचं ते पेन उघडणं काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

बाराव्या पेराला मी म्हणालो, "म्या लिव्हलं, बाई."

माझ्या तोंडून ते असं आलं, आईच्या बोलीत. मी दुरुस्त केलं नाही.

"आलं," बाई म्हणाल्या. मान हलवली. कागद माझ्या हातात दिला. "फारम तुमच्या पिशवीत आसंल. त्या जागा माघारी द्या म्हनून लिवा. आन् सोपं लिवा, सर. मला वाचाया दम लागला." मग त्यांनी दारातून बायांना हाक मारली.

मी मागच्या रांगेत, रेखाच्या पाठीमागे बसून लिहायला घेतलं. 'प्रश्नानंतर बाई थांबतात, तेव्हा विद्यार्थी विचार करतात. माझा आधीचा अभिप्राय चुकीचा होता. कापलेल्या सगळ्या जागा परत घालाव्यात.' खाली नाव घातलं. नाव घालायला जागा नव्हती, समासात घातलं.

पुढे बाईंनी रिमोट बाजूला ठेवला होता. "रेखा, दुप्पट केल्यावर चार झालं. आता बाजू तिप्पट केली तर?"

रेखानं पेन उघडलं. अंगठा चालू लागला. करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. रेखा वहीत चौकोन आखत होती, खोडत होती. अंगठा बाराव्या पेरावर पोचला तरी तिची मान खालीच. मी म्हटलं, संपलं.

बाईंनी दुसरा हात पुढे काढला आणि डाव्या करंगळीपासून पुन्हा मोजायला लागल्या.

चौथ्या की पाचव्या पेराला रेखानं मान वर केली. "नऊ?"

"आलं!" बाई म्हणाल्या आणि खांदे हलवत हसल्या. अख्खी खोली हसली. माझं उत्तर आलं तेव्हा त्या हसल्या नव्हत्या, आणि माझ्यासाठी त्यांनी एकच हात वापरला होता. समासात नाव घातलेला तो कागद मांडीवर घेऊन मी मागच्या रांगेत बसलो होतो, आणि या खेपेला मला हेवा वाटत होता तो रेखाचा.